सेपुल्तुरा : फरशीवरचा शब्द

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की बहुतेकांची मान आपोआप वर जाते. सोनेरी वेदी, लाकडी फळ्यांवर रंगवलेले संताच्या आयुष्यातले प्रसंग, छताची नक्षी. पहिल्या भेटीत माझी नजर मात्र खालीच खिळून राहिली. तिथली फरशी थडग्यांच्या दगडांची आहे. शेकडो वर्षं माणसांच्या पायांखाली जाऊन काही दगडांवरची अक्षरं पुसट झाली आहेत, काहींवर घराण्यांची चिन्हं अजून ठसठशीत दिसतात. मी एका दगडाजवळ उकिडवा बसलो आणि अक्षरं बोटानं लावत गेलो. एस, ई, पी. पुढे जिथं 'यू' हवा तिथं जुन्या वळणाचा 'व्ही'. मग एल, टी, पुन्हा 'व्ही', आर, ए. सेपुल्तुरा. पोर्तुगीज भाषेत कबर.

हा शब्द मला त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होता. कॉलेजात असताना एका मित्रानं नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती, तिच्या कडेला त्यानं निळ्या बॉलपेननं हेच नाव लिहिलं होतं. आत ब्राझीलच्या चार मुलांचा आवाज होता. त्या वयात मला एवढंच कळलं की इतका राग आणि इतकी शिस्त एकाच वेळी एकाच वाजवण्यात असू शकते, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पोर्तुगीज येत नव्हतं, गाणी इंग्रजीत असूनही शब्द लागत नव्हते. तरी ती कॅसेट फीत ताणून सूर वाकडे होईपर्यंत वाजली.

चर्चमधल्या त्या दुपारी या दोन गोष्टी जोडल्या गेल्या. 1500 साली पेद्रू आल्व्हारिश काब्रालचा काफिला लिस्बनहून कालिकतला यायला निघाला आणि वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तिथून तो पुढे खरोखरच कालिकतला पोचला. दहा वर्षांनी पोर्तुगीजांनी गोवा घेतला. म्हणजे जी भाषा आमच्या किनाऱ्यावर आपली माणसं पुरून दगडांवर नावं कोरत होती, तीच भाषा अटलांटिकच्या पलीकडे तेच करत होती. गोव्याच्या माणसाला सेपुल्तुरा हा शब्द परका नाही, तो त्याच्या चर्चच्या फरशीत आहे. या बँडवर मराठीत पुस्तक का, असं मला विचारलं जातं तेव्हा पहिलं उत्तर मी हेच देतो.

दुसरं उत्तर थोडं लांब आहे. तेच या प्रस्तावनेत द्यायचं आहे.

आधी थ्रॅश मेटल म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे या संगीताला सरसकट गोंगाट म्हणून बाजूला सारण्याची सवय आहे. 1980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, लॉस एंजेलिसला आणि न्यूयॉर्कला, तसंच जर्मनीच्या कोळसापट्ट्यात, तरुण मुलांनी दोन गोष्टी एकत्र केल्या. ब्रिटिश हेवी मेटलमधली गिटारची घट्ट, बांधेसूद वीण आणि पंकचा वेग. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून तार दाबल्यासारखी छेडायची, म्हणजे सूर लांबत नाही, तुटक, ठोसक निघतो. अशा तुटक सुरांची एक ओळ बांधायची, ती इतक्या वेगानं वाजवायची की मनगट भरून यावं, आणि खाली ड्रमरच्या दोन्ही पायांनी त्या ओळीला एकेका सुरागणिक साथ द्यायची. यात चूक लपत नाही. दोन गिटार, बास आणि ड्रम यांच्यातला एकजण केसभर पुढेमागे झाला तरी सगळा डोलारा कोसळतो. ज्याला गोंगाट म्हणतात त्यात हिशेब इतका काटेकोर असतो.

हे संगीत वाजवायला चांगली वाद्यं लागतात, चांगले अ‍ॅम्प्लिफायर लागतात, सरावाला जागा लागते. सेपुल्तुराच्या, म्हणजे बेलो होरिझोन्तेच्या मुलांकडे यातलं जवळपास काहीच नव्हतं.

बेलो होरिझोन्ते म्हणजे सुंदर क्षितिज. मिनास जेराइस या खाणींच्या राज्याची ही आखून वसवलेली राजधानी, 1897 मध्ये उभी राहिलेली. राज्याच्या नावातच खाणी आहेत. बँड काढणाऱ्या गायक-गिटारवादक मॅक्स आणि ड्रमर इगोर काव्हालेरा या भावंडांचं बालपण साओ पावलोत गेलं. वडील ग्रात्सियानो मूळचे इटालियन, इटलीच्या वकिलातीत नोकरीला. 1979 मध्ये ते अचानक हृदयविकारानं गेले. मॅक्स तेव्हा दहाचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता, इगोर त्याच्याहून वर्षानं लहान. आई व्हानिया मुलांना घेऊन बेलो होरिझोन्तेला आली. बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घर एका दिवसात ओढाताणीचं झालं. मॅक्सनं पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्याच्या संगीतातला राग तिथून सुरू होतो. मला ते पटतं. या बँडच्या प्रत्येक वळणावर एक मरण उभं आहे, हे पुढच्या प्रकरणांत वाचकांच्या लक्षात येईलच. पहिलं हे.

देशही तेव्हा एका लांब रात्रीतून बाहेर पडत होता. 1964 मध्ये लष्करानं सत्ता घेतली होती, ती 1985 पर्यंत सुटली नाही. 1985 च्या जानेवारीत रिओमध्ये पहिला रॉक इन रिओ महोत्सव चालू असताना, त्याच दिवसांत, तांक्रेदो नेव्हेस यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. मिनास जेराइसचाच माणूस, दोन दशकांनंतरचा पहिला नागरी अध्यक्ष. शपथ घेण्याआधीच आजारी पडून एप्रिलमध्ये ते गेले. त्या वर्षीच्या ब्राझीलमध्ये आशा आणि धास्ती एकाच घरात नांदत होत्या. सेपुल्तुराचं पहिलं रेकॉर्डिंग त्याच वर्षीच्या ऑगस्टचं आहे.

नावाची गोष्ट छोटी आहे, पण मला फार आवडते. मॅक्स इंग्लंडच्या मोटरहेड या बँडचं 'डान्सिंग ऑन युअर ग्रेव्ह' हे गाणं पोर्तुगीजमध्ये उतरवत बसला होता. 'ग्रेव्ह'ला सेपुल्तुरा हा शब्द मिळाला आणि तो तिथंच थांबला. म्हणजे या बँडचा जन्म एका भाषांतरात झाला. दुसऱ्याचं गाणं आपल्या भाषेत आणताना हाती लागलेला शब्द. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी जे केलं त्याचं बीज मला या एका कृतीत दिसतं.

सुरुवातीला मात्र भाषांतर उलट्या दिशेनं चाललं होतं. गाणी इंग्रजीत हवीत हा हट्ट होता, इंग्रजी येत नव्हतं. शब्दकोश घेऊन, मित्रांची मदत घेऊन, शब्दाला शब्द लावत गाणी रचली गेली. 'बेस्टियल डिव्हास्टेशन' हे पहिलं रेकॉर्डिंग दोन दिवसांत उरकलं. एका तबकडीच्या एका बाजूला सेपुल्तुरा, दुसऱ्या बाजूला त्याच गावचा ओव्हरडोज हा बँड. काढणारी कंपनी कोगुमेलो, म्हणजे अळंबी. मुळात ते गावातलं रेकॉर्ड विकण्याचं दुकान. ज्या दुकानात पोरं येऊन तासन्‌तास कव्हरं चाळत बसत, त्याच दुकानानं त्यांची रेकॉर्ड काढली. मोठ्या कंपन्या रिओत आणि साओ पावलोत होत्या, त्यांना यात रस नव्हता. एखादी कला गावात रुजायला एक ग्रंथालय, एक व्यायामशाळा किंवा एक दुकान पुरतं, हे आपल्याकडेही आपण पाहिलेलं आहे.

बँडचा सराव चाले सांता तेरेझा या मोहल्ल्यात, बास वाजवणाऱ्या पाउलो जुनियरच्या घरी. हाच मोहल्ला गायक मिल्टन नासिमेंतो आणि त्याच्या मित्रांच्या 'क्लुबे दा एस्किना'चा, म्हणजे कोपऱ्यावरच्या मंडळाचा. ब्राझीलच्या सगळ्यात कोवळ्या, सुरेल गाण्यांपैकी काही ज्या गल्ल्यांत जन्मली, त्याच गल्ल्यांत दहा-बारा वर्षांनी हा लोखंडी आवाज तयार झाला. दोघांमध्ये मला विरोध दिसत नाही. दोघांनीही बाहेरचं ऐकलं, एकांनी बीटल्स, दुसऱ्यांनी मोटरहेड आणि स्लेयर, आणि दोघांनीही ते आपल्या गल्लीच्या उतारावरून खाली आणलं.

1987 मध्ये साओ पावलोकडचा आंद्रेयास किसर आला आणि बँडला खरा गिटारवादक मिळाला. मॅक्स गिटारच्या सहा तारांपैकी बारीक दोन काढूनच टाकायचा, आजही चारच तारांवर वाजवतो. त्याला ओळ हवी असते, ताल हवा असतो, वरच्या सुरांची नक्षी नको असते. किसरला दोन्ही येत होतं. 'स्किझोफ्रेनिया' हा त्याच्यासोबतचा पहिला अल्बम. मग मॅक्स टेप घेऊन न्यूयॉर्कला गेला, रोडरनर कंपनीचा करार झाला, आणि 1988 च्या डिसेंबरात 'बिनीथ द रिमेन्स'चं काम रिओच्या एका स्टुडिओत रात्री-रात्री झालं. फ्लोरिडाहून स्कॉट बर्न्स हा ध्वनिमुद्रक अगदी थोडक्या पैशांत आला होता. 1989 मध्ये तो अल्बम बाहेर पडला आणि अमेरिका-युरोपच्या श्रोत्यांना कळलं की थ्रॅशमधला त्या वर्षीचा एक उत्तम अल्बम विषुववृत्ताच्या खालून आलेला आहे.

1991 चा 'अराइज' याच वाटेवरचा, आणि निव्वळ थ्रॅश म्हणून तो त्यांचा सर्वांत पक्का अल्बम आहे असं माझं मत आहे. पण तिथं थांबले असते तर सेपुल्तुरा हा एक फार चांगला विद्यार्थी ठरला असता, त्याहून जास्त काही नाही. अमेरिकन आणि जर्मन मुलं जे करत होती ते त्यांच्याइतकं, कधी त्यांच्याहून चांगलं करून दाखवणारा.

पुढे जे झालं त्यासाठी हे पुस्तक आहे.

1993 चा 'केऑस ए.डी.' सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी. हे ठोके मॅक्सच्या तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलाचे आहेत, सोनोग्राफीच्या वेळी टेपवर घेतलेले. त्यांच्यावर इगोरचा ड्रम येतो, आणि तो अमेरिकन थ्रॅशचा ड्रम नाही. वेग उतरला आहे, घाई गेली आहे. ठोका जमिनीतून वर यावा तसा येतो. पुण्या-मुंबईत ढोल-ताशाच्या पथकाजवळ जो उभा राहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही: छातीच्या पिंजऱ्याला आधी कळतं, कानाला नंतर. इगोरनं सांबाचे ताल लहानपणापासून ऐकले होते. इतकी वर्षं तो ते दाराबाहेर ठेवून सरावाला येत होता. आता त्यानं ते आत घेतले.

शब्दही बदलले. सैतान, थडगी, नरक ही पौगंडावस्थेतली सामग्री मागे पडली होतीच, आता तिच्या जागी तारखा आल्या. 2 ऑक्टोबर 1992 ला साओ पावलोच्या कारांदिरु तुरुंगात दंगा झाला, पोलीस आत शिरले आणि 111 कैदी मारले गेले. या अल्बममधलं 'मॅनिफेस्ट' हे गाणं त्या दिवसाबद्दल आहे. ब्राझीलमध्ये लोकशाही येऊन सात वर्षं झाल्यावरची ही गोष्ट. आणखी एक रचना आहे, 'कायोवास', तिच्यात एकही शब्द नाही. ग्वारानी-कायोवा या आदिवासींच्या जमिनी हिरावल्या गेल्या, आणि त्यांच्यात आत्महत्या होऊ लागल्या. त्यांच्यासाठी केलेली ही रचना विजेच्या गिटारीशिवाय, साध्या गिटारी आणि तालवाद्यांवर आहे. अल्बमचं काम वेल्समध्ये चालू होतं, ही एक रचना त्यांनी तिथल्या चेप्स्टो किल्ल्याच्या उघड्या भग्न भिंतींमध्ये वाजवली. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरचा मध्ययुगीन किल्ला, आणि त्यात मातो ग्रोस्सोकडच्या एका जमातीचा शोक. मी ती रचना ऐकतो तेव्हा शब्द नाहीत याचीच कृतज्ञता वाटते.

'केऑस ए.डी.' हा माझ्या मते त्यांचा सर्वश्रेष्ठ अल्बम. बहुतेक लोक 'रूट्स' म्हणतील. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो.

'रूट्स' 1996 चा. त्याचं मुखपृष्ठ हातात घेऊन पाहावं असं आहे. लालसर रंग, मुळांचं जाळं आणि मधोमध एक आदिवासी चेहरा. हा चेहरा ब्राझीलच्या 1,000 क्रुझेरोच्या नोटेवरून घेतलेला आहे. ही नोट 1990 ची. तो काळ आठवा: 1986 मध्ये चलन बदललं, 1989 मध्ये पुन्हा, 1990 मध्ये पुन्हा, 1993 मध्ये पुन्हा, 1994 मध्ये पुन्हा. महागाई अशी की 1990 च्या मार्च महिन्यात एका महिन्यातच किमती ऐंशी टक्क्यांच्या आसपास चढल्या. सरकारनं आदिवासींचा चेहरा ज्या कागदावर छापला तो कागद चार वर्षांत रद्दी झाला. जिवंत आदिवासींच्या जमिनीची किंमत मात्र वाढत होती, म्हणून ती जात होती. बँडनं तो चेहरा रद्दी झालेल्या नोटेवरून उचलला आणि जगभरच्या दुकानांच्या काचांमध्ये नेऊन ठेवला. या एका चित्रात जेवढं म्हटलं आहे तेवढं म्हणायला मला एक प्रकरण लागलं.

1995 च्या अखेरीस बँड मातो ग्रोस्सोमधल्या पिमेंतेल बार्बोझा या शावान्ते लोकांच्या गावी गेला. आधी विचारलं, होकार आल्यावर गेले, तिथं राहिले, अंगावर त्यांचे रंग लावून घेतले, आणि त्यांच्यासोबत बसून गाणं टिपलं. त्याचं नाव 'इत्सारी', शावान्ते भाषेत मुळं. दुसऱ्यांची सुरावट गुपचूप टिपून आणून आपल्या गाण्याखाली चिकटवण्याची उदाहरणं जगाच्या संगीतात खूप आहेत, म्हणून ही पद्धत नोंदवून ठेवतो. साल्व्हादोरचा तालवादक कार्लिन्योस ब्राऊन आला आणि 'रातामाहात्ता' हे गाणं पोर्तुगीजमध्ये झालं. बेरिंबाऊ हे एकतारी धनुष्यासारखं वाद्य आलं. गिटारींच्या तारा इतक्या ढिल्या केल्या की सूर तळाला गेला. वेग जवळपास संपला. थ्रॅशचे कट्टर चाहते नाराज झाले, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अल्बम 27 व्या क्रमांकाला पोचला.

इथं माझा मुद्दा सांगतो. जगभर मुलं परक्या संगीताच्या प्रेमात पडतात आणि सुरुवातीला हुबेहूब नक्कल करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, रियाज असाच होतो. बहुतेक जण तिथंच थांबतात. थोडे जण मागे वळून आपल्याकडचं काहीतरी आणतात आणि ते वरून भुरभुरवतात. मग ते कोथिंबिरीसारखं दिसतं, चवीत उतरत नाही. सेपुल्तुरानं दहा वर्षं परक्या व्याकरणात पूर्ण प्रवीण होऊन मग त्या व्याकरणाच्या आतलं क्रियापद बदललं. ड्रम बदलला, म्हणून गिटार बदलली, म्हणून गाणं बदललं. आज न्यूझीलंडचा एलियन वेपनरी माओरी भाषेत थ्रॅश वाजवतो, मंगोलियाचा द हू घोड्याच्या मुखाच्या सारंगीवर मेटल वाजवतो. या सगळ्यांचे गुरू सेपुल्तुरा, असं मी म्हणणार नाही. पण 1996 आधी ही वाट जंगलात होती, 1996 नंतर तिच्यावर पावलांचे ठसे होते.

त्याच 1996 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या डोनिंग्टनमध्ये महोत्सव होता. आदल्या दिवशी मॅक्सचा सावत्र मुलगा डेना वेल्स अमेरिकेत मोटार अपघातात गेल्याची बातमी आली. मॅक्स आणि त्याची पत्नी ग्लोरिया तातडीनं परतले. उरलेल्या तिघांनी मंचावर येऊन कार्यक्रम केला, किसरनं गाणी म्हटली. ग्लोरिया बँडची व्यवस्थापकही होती. तिचा करार संपत आला होता आणि तिघांना व्यवस्थापक बदलायचा होता. ज्या घरात मुलगा गेला आहे त्या घरात हा विषय कुठल्या शब्दांत आणि कधी काढायचा, याला बरोबर उत्तर नसावं. 16 डिसेंबर 1996 ला लंडनच्या ब्रिक्स्टन अ‍ॅकॅडमीत मॅक्सचा सेपुल्तुरासोबतचा शेवटचा कार्यक्रम झाला. दोन सख्खे भाऊ पुढची दहा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. कोण चुकलं याचा निवाडा या पुस्तकात मी केलेला नाही. दोन्ही बाजू आपापलं दुःख घेऊन उभ्या होत्या.

बहुतेक लेखक सेपुल्तुराची गोष्ट इथं संपवतात. पुढचं सगळं एका परिच्छेदात, थोड्या कीव केल्याच्या सुरात. हे मला मान्य नाही, आणि पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त भाग 1996 नंतरचा आहे तो म्हणूनच.

साधा हिशेब करा. मॅक्सचा काळ बारा वर्षांचा. त्याच्यानंतर आलेला डेरिक ग्रीन सत्तावीस वर्षांहून जास्त काळ त्या जागी उभा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा हा उंचापुरा कृष्णवर्णीय गायक, हार्डकोर पंकमधून आलेला. साओ पावलोत राहायला गेला, पोर्तुगीज शिकला. सुरुवातीची वर्षं गर्दी समोरून दुसऱ्याच माणसाचं नाव ओरडायची, आणि त्याला त्याच दुसऱ्या माणसाची गाणी म्हणायची असायची. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या नटाची भूमिका नव्या नटानं उभी करताना पहिल्या रांगेतून काय काय ऐकावं लागतं, हे नाटकवाल्यांना विचारावं. ग्रीननं नक्कल केली नाही, तक्रारही केली नाही. त्याचा पहिला अल्बम 'अगेन्स्ट', 1998 चा. त्यात जपानच्या कोडो या प्रसिद्ध तालवाद्य पथकासोबत केलेली रचना आहे. म्हणजे 'रूट्स'मध्ये उघडलेलं दार बंद झालं नव्हतं.

मधली काही वर्षं ओढाताणीची गेली, अल्बम कमीअधिक उतरले, आणि ते तसं पुस्तकात लिहिलं आहे. 2006 मध्ये दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वर बांधलेला 'दान्ते ट्वेंटीवन' आला आणि त्याच वर्षी इगोरनंही बँड सोडला. आता एकही काव्हालेरा उरला नव्हता. दोघा भावांनी पुन्हा एकत्र येऊन काव्हालेरा कॉन्स्पिरसी हा स्वतःचा बँड काढला, त्याचा मला मनापासून आनंद झाला. सेपुल्तुरा मात्र चालत राहिला. 2011 मध्ये एलॉय काझाग्रांदे हा वीस वर्षांचा मुलगा ड्रमवर आला. 'अराइज' आला त्या वर्षी त्याचा जन्म झाला होता. त्याच्या हातांनी बँडला दुसरं तारुण्य दिलं. 2017 चा 'मशीन मसाया' आणि 2020 चा 'क्वाड्रा' हे दोन अल्बम ज्यांनी ऐकलेले नाहीत त्यांनी या बँडबद्दल शेवटचं मत देऊ नये. 'क्वाड्रा' चार भागांत रचलेला आहे, प्रत्येक भागात तीन गाणी, आणि प्रत्येक भाग बँडच्या एकेका स्वभावाला वाहिलेला. पहिल्या भागात निव्वळ थ्रॅश, दुसऱ्यात 'रूट्स'चा ताल. हा अल्बम म्हणजे जुन्या घराला दिलेली भेट आहे. डागडुजी करायला नव्हे, राहायला आलेल्या माणसाची.

2022 च्या जुलैमध्ये किसरची पत्नी पात्रिसिया कर्करोगानं गेली. त्यानंतर किसर ब्राझीलमध्ये मरणाबद्दल उघडपणे बोलू लागला: असाध्य आजारात वेदना कमी करणारी सेवा, माणसाचा शेवट सन्मानानं व्हावा हा हक्क. तिच्या नावानं त्यानं चळवळ सुरू केली. आणि 2023 च्या डिसेंबरात बँडनं जाहीर केलं की आता थांबायचं. कुणी भांडलं नव्हतं, कुणाला हाकललं नव्हतं, गर्दी ओसरली नव्हती. निरोपाच्या दौऱ्याच्या नावाचा अर्थ असा: मृत्यूतून जीवनाचा उत्सव. कबर हे नाव घेतलेल्या बँडनं चाळिसाव्या वर्षी आपला शेवट स्वतः ठरवला.

दौरा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले असताना काझाग्रांदे अमेरिकेच्या स्लिपनॉट या बँडकडे गेला. त्याच्या जागी ग्रेसन नेक्रुटमन हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा अमेरिकन ड्रमर आला आणि एवढ्या अवधीत सगळी गाणी बसवून 1 मार्च 2024 ला पहिल्या कार्यक्रमाला उभा राहिला. गाव बेलो होरिझोन्ते. सांता तेरेझातल्या ज्या घरात सराव चालायचा त्या घरचा पाउलो जुनियर त्या रात्रीही बास घेऊन मंचावर होता.

आता वाचकांना एक विनंती, आणि ती मुख्यतः माझ्याच पिढीच्या, कॅसेटी भरून घेणाऱ्या श्रोत्यांना आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी 'रूट्स'नंतर हा बँड ऐकणं सोडलं. हे पुस्तक वाचण्याआधी एका संध्याकाळी 'क्वाड्रा' पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐका. तासाभराच्या आत संपतो. त्यानंतर पहिलं प्रकरण उघडा.